एकच प्रत

सीताबर्डीच्या फुटपाथवर, मे महिन्यात,
डोक्यावर ओली ओढणी घेऊन मी कादंबऱ्या उपसत होते.
"कोणाले पायजे मॅडम? स्पर्धा परीक्षा?"
"नववी ब. इंग्रजी."
पुस्तकवाल्यानं समजल्यासारखी मान हलवली
आणि सगळ्यात पातळ गठ्ठा पुढे सरकवला.

मागच्या वर्षी मी मानाची कादंबरी नेली होती.
अकरा पानं नुसता बगीचा, आणि धुकं.
पाचपावलीच्या त्या पत्र्याच्या वर्गात
धुकं मी खडूनं काढून दाखवलं.
अंशुल पराते झोपला तो घंटेपर्यंत.
त्याच्यावर कशी रागावू?
पहाटे तीनपासून तो बापासोबत कळमन्यात
संत्र्याच्या पेट्या उतरवतो.
पुस्तकावर रागावले. मग स्वतःवर:
मला आवडलं ते त्यांना आवडावं, हा कसला हट्ट!

आता माझ्या अटी साध्या आहेत.
पहिल्याच पानावर कुणीतरी खोटं बोललं पाहिजे.
आई फार शहाणी नको.
शेवटी तात्पर्य नको;
असलंच, तर ते पान मी स्टेपल करीन.

एक उघडली. नदी, पूल, चोरलेली बकरी,
एक पोरगा, आणि मागून हाका.
घाम पुसायचं सुचलं तेव्हा सातवं पान होतं.
चाळीस म्हणाला, तीसला दिली.

रोज चार पानं मी मोठ्यानं वाचायची
आणि नेमकं नको तिथं थांबायचं.
"ही इज रनिंग," मी वाचलं.
मागच्या बाकावरून श्रेयल उईके:
"म्हंजे पळून राहिला ना मॅडम?"
हो गं. पळूनच राहिला.
बाहेरचे हसतात आपल्या या क्रियापदाला,
इंग्रजीला ते लगेच कळलं.

दिवाळीआधी अंशुल आठ दिवस आला नाही.
मी कळमन्याला गेले, संत्री घ्यायच्या निमित्तानं.
डोक्यावर पेटी, खांद्यावर पोतं;
मला पाहून लपला नाही.
पेटी उतरवली, इकडेतिकडे पाहिलं, हळूच म्हणाला,
"मॅडम, पुलावरून उडी मारली ना त्या पोट्ट्यानं.
वाचते काय थो?"

मी तोंड उघडलं, मिटलं.
पिशवीतून पुस्तक काढून पेटीवर ठेवलं.

उद्या नववी ब बाकं वाजवेल.
त्यांना काय सांगायचं,
ते बसमध्ये ठरवीन म्हटलं होतं.
उतरायची जागा आली.