लागोपाठचे दोन नंबर

योकोउचीमास्तरांनी दोन पेट्या काउंटरवर ठेवल्या
आणि आधी चष्मा पुसला.
"एक विकायचीय. कुठली, ते तू सांग."

दोन्ही आमच्याच मात्सुमोतोतल्या,
नदीपलीकडच्या त्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या.
एकीचा नंबर सतरानं संपतो, दुसरीचा अठरानं.
तोच पिवळ्यातून तांबड्यात विझत गेलेला रंग,
तीच पांढरी प्लेट, तेच गंजके स्क्रू.
जन्मदाती फसेल, मी म्हणालो.
मास्तर हसले नाहीत.

पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी दिव्याखाली तिरप्या धरल्या तर
सतराच्या रेषा सरळ, विंचरून काढलेल्या,
आणि अठराच्या कुशीत एक भोवरा.
तिथं कधीतरी फांदी फुटणार होती,
फुटली नाही.

काट्यावर सतरा भरली तीन किलो तीनशे.
अठरा, पावणेचार.

सतराची मान मुठीत येते
वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी.
अठराला अजून खांदे आहेत.
कानसवाला मध्येच जेवायला उठला असेल,
नाहीतर जेवून आल्यावर त्याचा हात सुस्तावला असेल.
कॅलिपर म्हणतो, अर्धा मिलिमीटर.
अंगठा म्हणतो, छे, बराच.

आवाजाचं सांगणं अवघड.
तोच अ‍ॅम्प, तीच वायर, दोघींना नव्या तारा.
सतरा लख्ख बोलते, जरा तोंडाळ,
फरशीवर चमचा पडावा तशी.
अठरा आधी घसा खाकरते,
आणि बोलून झाल्यावरही
खोलीत थोडा वेळ बसून राहते.

पिकअप उघडले. आत चिकटपट्टीवर
पेन्सिलीनं दोन्हीकडे एकच अक्षर: हा.
ही हात्सुएआत्याची खूण.
बावीस वर्षं तिनं तिथं तांब्याची तार गुंडाळली,
केसाहून बारीक, चिमटीतून सोडत सोडत.
अठरावर पाचसहाशे वेढे जास्त पडले होते.

रविवारी दोघींना गाडीत घालून तिच्याकडे गेलो.
वाटलं, काहीतरी निघेल:
त्या दिवशी कुणी गेलं असेल, कुणी आलं असेल,
मोजणी चुकायला कारण लागतं ना.
आत्या नाशपाती सोलत होती.
"दिवसाला साठ करायचो," ती म्हणाली.
"यंत्राचा आकडा कधी चालायचा, कधी नाही.
मी कानानं थांबायचे.
बाटली भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो ना,
तसं."
मग अठरा उचलून पाहिली. "ही जड आहे रे."
आणि एक फोड माझ्या तळहातावर ठेवली.

शनिवारी मास्तर आले.
मी वजन, जाडी, ओहम, सगळं कागदावर लिहून दिलं.
त्यांनी घडी करून खिशात टाकलं,
डोळे मिटले, हात पुढे केले.
"ही ठेवायची."
सतरा होती.
"पुन्हा दे."
"ही."
अठरा.

बराच वेळ गेला.
"एक माझी," ते म्हणाले, "एक शिगेमीची.
एकाच दिवशी घेतल्या, हप्त्यानं.
तो गेला तेव्हा त्याच्या बायकोनं त्याची आणून दिली
आणि मी दोन्ही एका कपाटात ठेवल्या.
बावळटासारखं.
माझी विकायचीय."

मी विचारलं, शिगेमी पट्टा केवढा बांधायचे?
"अरे, गुडघ्यापर्यंत लोंबायची ती. फार ऐट होती त्याला."

पाठीकडून मी त्या बघितल्याच नव्हत्या.
उलट्या केल्या.
सतराच्या पाठीवर बकलाचे ओरखडे मधोमध,
पोटाशी धरून वाजवणाऱ्याचे.
अठराच्या पाठीवर अगदी वरच्या कडेला.

मास्तरांनी त्या कडेवरून बोट फिरवलं,
एकदा, उलट एकदा.
मग सतराची पेटी बंद केली, दोन्ही कड्या लावल्या,
आणि माझ्याकडे सरकवली.
"हिच्यासाठी एखादं चांगलं स्थळ बघ."