जोडातला दुसरा

लोकरीचे दोन नमदे एकावर एक ठेवायचे,
एक गडद, एक फिका,
आणि सुरी दोघांतून एकदमच चालवायची.
गडदातलं मेंढ्याचं शिंग फिक्याच्या पोकळीत बसतं,
फिक्यातलं गडदाच्या.
चिंधीएवढंही वाया जात नाही.
म्हणून शिर्दाक आमच्याकडे एकटा जन्मत नाही.

अनारकान एजे सुरी चालवते, मी पावत्या लिहिते.
आत-बाशीच्या या बंद शाळेत
फळ्यावर अजून एक भागाकार आहे, अर्धवट,
त्याच्याखाली माझा खडू:
बासेल. चौदा नग. सप्टेंबर.

बासेलच्या बाईंनी कळवलं,
लाल नको. नारिंगी तर नकोच.
राखाडी चालेल, आणि ओटमील.
ओटमील कसला रंग, एजेनं विचारलं.
म्हटलं, घोड्यांना ओट घालतो ना, त्याची पेज.
ती इतकी हसली की सुई बोटात गेली.
"पेजेवर बसणार माणसं?"

रंगाची पातेली वर्षभर पालथी.
नगामागे एक धुरीचा दाखला, कसर नसल्याचा,
मापात फरक दोन सेंटिमीटरच्या आत,
आणि एजेचा हसरा फोटो.
तो तिसऱ्या खेपेला जमला.
आधीच्या दोन्हींत ती कॅमेऱ्याकडे बघतेय
दावं तोडून आलेल्या परक्या वासराकडे बघावं तशी.

चौदा गेले.
ट्रकमागे धूळ, मग खिंड, मग नुसती खिंड.

चौदा राहिले.
तीच शिंगं, उलट्या रंगांत.
बाजारात कुणी हात लावेना.
तुर्सुनाईची आई तर म्हणाली,
पोरीच्या रुखवतात राख मांडू का?
भिंतीशी रचून ठेवले मी,
घडीवर घडी.

मार्चमध्ये कोकरं आली, वेळेआधी,
बर्फ दाराच्या कडीपर्यंत.
एजेनं न विचारता वरचे तीन ओढले
आणि गोठ्यात अंथरले.
ओलं, थरथरतं एक कोकरू
नक्षीवर चार पाय रोवून उभं राहिलं,
पडलं,
पुन्हा उभं राहिलं.

एप्रिलमध्ये बासेलहून पत्र:
सगळे सुंदर आहेत.
फक्त एकाला मेंढीचा वास येतो, अलीकडे जास्तच.
हे असं असतं का?

एजे कडेची दोरी वळत होती,
एक पीळ डावा, एक उजवा.
म्हणाली, लिही, तो त्याच्या जुळ्याचा असेल.

मी लिहिलं,
क्षमस्व. दोन दिवस उन्हात टाका.

पाकीट चिकटवेपर्यंत तिचं चाललंच होतं,
ऊन असतं का गं तिकडे?