माशांचा भाव

रात्री नऊला मी बुकावूला फोन लावते.
"सांबाझाचा भाव काय आज?"
"कालचाच," म्हणते मापेंडो.
म्हणजे दाराशी कुणी नाही,
आणि वही अजून पिठाच्या डब्यात.

वहीत चौसष्ट नावं,
खाणीच्या वाटेवरून न परतलेल्यांची.
प्रत्येकापुढे कुणा आईचा अंगठा;
शाई नव्हती तिथे चुलीची काजळी.

"महागलेत" म्हणाली, तर मुशागालुसा
दिवा न लावता मोटरसायकल काढतो.
या महिन्यात तीनदा महागले मासे.

आता ती चौथ्या घरात, एका शिंपिणीकडे,
कापडाच्या गठ्ठ्यांमागे पाय दुमडून निजते.
शिंपीण काही विचारत नाही.
नुसतं यंत्र चालवत राहते उशिरापर्यंत,
हिचा खोकला गल्लीत जाऊ नये म्हणून.

मी सरहद्दीपलीकडे, कंपालात.
कडी, पंखा, गरम चहा.
परवा खिडकीखाली एक गाडी
दोन तास उभी होती, काळ्या काचांची.
मी बोलले नाही. भाव तेवढा विचारला.

ती जरा थांबली.
मागे यंत्राची खडखड.
"कालचाच," म्हणाली,
"आणि तुझ्याकडे?"