तीनशे शब्दांची जागा

दर बुधवारी कालोलाइनेबाईंचा लेख येतो,
रुग्णालयाच्या जुन्या आहारतक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर.
नुकुअलोफाच्या आमच्या साप्ताहिकात
पान सहा, बोटींच्या वेळापत्रकाखाली
त्यांना तीनशे शब्दांची जागा.
त्या पाचशे लिहितात.
वरचे दोनशे उतरवायचं काम माझं.

मला ते जमतं. एकशे छत्तीस किलोंचा माणूस मी,
दुसऱ्याच्या वाक्यावरची चरबी लांबून ओळखतो.
‘खरं म्हणजे’ जातं.
‘आपण सर्वांनीच’ जातं.
‘हळूहळू’ त्या तीनदा लिहितात
आणि तीनही राहू द्या म्हणून फोन करतात.

अर्धं ताट पाल्याचं.
सिपी, म्हणजे मेंढीच्या पोटाकडचं ते पांढरं मांस,
न्यूझीलंडहून खोक्यांत गोठून येणारं,
महिन्यातून एकदाच.
नीरफणस उकडा, तळू नका.
चर्चपर्यंत चालत जा, गाडी
आजाऱ्यांसाठी ठेवा
(हे मी कापलं; आजारी कोण, यावर पत्रं येतात).

लोक वाचतात का?
बंदरावर केके तळणारी बाई
त्याच पानाचा द्रोण करून देते,
आणि तेल पाझरलं की
‘तेल जपून’ हे शब्द
आरपार, स्वच्छ दिसू लागतात.

शनिवारी मी आईला पान वाचून दाखवतो.
गेल्या ईस्टरपासून तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही.
ती पंख्याने वारा घेत सगळं ऐकते,
मीठ ऐकते, साखर ऐकते,
मग दर वेळी एकच विचारते:
‘या बाईला घरी कोणी वाढतं की नाही?’

मागच्या रविवारी बाईंचा भाऊ गेला. सिओसाइआ.
चव्वेचाळीस वर्षांचा. छातीत कळ आली,
बोटीवर दोर बांधत होता म्हणे.
मांडव पडला, डुकरं भाजली, चटया आल्या,
तीन गावांच्या बायका तीन दिवस रांधत होत्या.
तरी बुधवारी लेख आला.
विषय: मीठ.
या खेपेस मोजून तीनशे. कापायला काहीच नाही.
एकही ‘हळूहळू’ नाही.

फक्त शेवटी दोन ओळी खोडलेल्या,
इतक्या जोराने की कागद फाटलाय.
खिडकीशी धरल्यावर लागल्या:
‘काल रात्री मांडवातून उरलेली सिपी
ओट्याशी उभी राहून हाताने खाल्ली.
थांबता आलं नाही.
वाचकहो, पोटात घाला.’

तेवीस वर्षं मी लोकांच्या ओळी खोडतोय.
खोडलेली परत कधी आणली नाही, हीही आणली नाही.
पण तिची जागा भरायलाही हात होईना.
टायरची एक जाहिरात बरोबर बसली असती.

पान तसंच गेलं. लेखाखाली
दोन बोटं पांढरं.
संपादक ओरडायचा तेवढा ओरडला.

शनिवारी वाचता वाचता मी तिथे थांबलो.
आईचा पंखाही थांबला.
‘संपलं?’
नाही, म्हटलं.
बाई जेवतायत.