तिसरा कप्पा

हुबळीहून आलेला जुना कॅमेरा.
पट्ट्याला कुणाच्या तरी घामाचा वास,
शटरच्या बटणावरचा काळा रंग उडालेला.
मेनूत भाषा वीस-बावीस असतील,
त्यात मराठी नाही, कन्नडही नाही.
चला, एकदा तरी बरोबरीत सुटलो.

वडगावातल्या मागांवरच्या साड्यांचे फोटो काढणं,
हे आता माझं काम.
आधी खडेबाजारात, गजबरचाचांच्या लॅबमध्ये.
तालुकाभरच्या लग्नांतले चेहरे
अंधारात माझ्या हाताखालून गेले.
चाचा ओली प्रिंट खिडकीशी धरून म्हणायचे,
"दोन पॉइंट मॅजेन्टा काढ.
नवरी आहे ती, टोमॅटो न्हवं."

आता मॅजेन्टा काढायला अंधार लागत नाही.
अंगठ्याखाली एक चाक आहे.
बंद पडलेल्या फिल्मी मेनूत ओळीनं बसल्यात,
गेलेल्या माणसांची नावं नातवंडांना ठेवावीत तशा.
एक निवडायची.
लाल अधिक दोन, निळा वजा चार,
सावल्या जरा मऊ, दाणा बारीक.
हे सगळं फोटो काढायच्या आधी ठरवायचं,
नंतर पोत धुऊन पुन्हा रंगवता येत नाही.

कल्लव्वा माग थांबवते, चष्मा कपाळावर सरकवते.
"ह्यो बण्ण माझा न्हवं."
मी निळा कमी करतो.
"चिंतामणी हाय ही. तू वांगी केलास."
लाल कमी करतो.
"आता आमसूल."
नाशिकहून एक साडी परत आलीय,
फोटोत वेगळी होती म्हणून.
ती घडी तिनं फळीवर समोरच ठेवलीय,
मला दिसेल अशी.

दुपारी लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झाले
आणि कानांना काय करावं कळेना.
मी कॅमेऱ्यातले कप्पे चाळत बसलो.
सात कप्पे, आपापली सेटिंगं साठवायला.
सहा कोरे. तिसऱ्याला नाव,
इंग्रजी चार अक्षरांत: अव्वा.

आधीचा मालक पुसायचं विसरला असेल.
किंवा सगळं पुसत पुसत आला असेल आणि इथं थांबला असेल.
कार्ड तर रिकामंच होतं.

पण करेक्शन वाचता येतं मला,
पंचवीस वर्षं तेच केलंय.
उजेड दोन पायऱ्या दाबलाय:
पांढरे केस, पांढरी उशी, त्यात चेहरा करपू नये.
निळा जवळजवळ काढूनच टाकलाय:
खोलीत ट्यूबलाइट असणार, खिडकी नसणार.
लाल थोडा वाढवलाय, गालांपुरता.
दाणा जाड.
तो का, ते कळलं नाही.
चाचा असते तर म्हणाले असते,
पोरगं तब्येत करेक्ट करूलालं होतं.

कल्लव्वा दारात बसून
तुटलेल्या ताराची टोकं थुंकी लावून जोडत होती.
तिसऱ्या कप्प्यावर चाक फिरवलं
आणि न विचारताच एक काढला.

"काय बघूलालास मघापासनं? दाव की."
दावला.
मांडीवरची चिंतामणी चहाच्या डागासारखी झाली होती,
धंद्याच्या दृष्टीनं साफ वाया.
ती बराच वेळ बघत राहिली.
पडद्यावर बोट फिरवलं तिनं,
कापडाचा पोत बघताना फिरवते तसं.
"साडी चुकली," म्हणाली.
मग कॅमेरा परत देताना,
"हे पुसू नको."

पुसणारच नव्हतो.
पण कुणाचं, ते तिला सांगितलं नाही.

चारला लाइट आली.
आधी एक माग, मग चार, मग गल्लीच थरथरायला लागली.
मी चौथा कप्पा उघडला, कोरा.
निळा अधिक एक.
"न्हवं."
अधिक दोन, लाल वजा एक.
धोटा मारता मारता, मानही न वळवता,
"न्हवं."
सावल्या एक पायरी खाली.
"न्हवं…
थांब."