सहावी दोरी

इशबेलनं किल्ट दारातच हातावर ठेवला,
झोपलेलं मूल द्यावं तसा.
"त्याचाच आहे. कमरेत सैल होईल तुला,
पट्टा शेवटच्या भोकात ओढ."

आठ वार लोकर.
आईच्या लुगड्याहून एक वार कमी,
आणि निऱ्या मागे, पुढे सगळं सपाट.
उलटा तर नेसलो नाही ना,
म्हणून दोनदा आरशात पाहिलं.

बाहेर उलापूल. या नावातला पूल कुठला
ते एकोणीस वर्षांत मला कळलेलं नाही.
पाऊस वरून येत नव्हता,
खाडीकडून आडवा येत होता
तिरसट म्हाताऱ्यासारखा, गुडघ्यांवर काठी मारत.

गुडघे! नववीच्या चड्डीनंतर
त्यांनी उजेड पाहिला नव्हता.
दोघंही निळे पडले, परक्यासारखे.

दफनभूमी पाऊण मैल, चालत.
आधी लोकर पाणी पीतच नाही,
नुसते थेंब मिरवते अंगावर.
चर्चच्या वळणापर्यंत विचार करते.
मग पिते, आणि पीतच राहते.
कमरेला पखाल बांधल्यागत ओझं,
ओली कड गुडघ्यामागची कातडी
कातरत जाते पावलागणिक, एकाच रेषेत.

पण आत, मांड्यांशी, ऊब.
खरंच ऊब.
टॉर्किल सांगायचा ते मला थाप वाटायचं:
"भिजली म्हणून गारठलेली मेंढी पाहिलीस कधी?"
मी मेंढीच नीट पाहिली नव्हती.
मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजणारा,
तो फेरीबोटीचं इंजिन उशाला घेऊन झोपणारा.

एकदा त्यानं विचारलं, तुझं कूळ कोणतं,
त्या रंगाचा किल्ट शिवू.
म्हटलं, आमची कुळं कूळकायद्यात गेली, जमिनीसकट.
हे त्याला समजावता समजावता
अर्धी बाटली संपली.
मग बराच वेळ तो गप्प.
"आमच्याकडे उलटं झालं," म्हणाला,
"जमीनदारानं कुळं हाकलली
आणि त्या जागी मेंढ्या सोडल्या."
आणि स्वतःच्या किल्टवरचा एक केस
चिमटीत धरून त्यानं दिव्याजवळ नेला.

खड्ड्याच्या काठावर इशबेलच्या भावानं
प्रत्येकाच्या हातात कार्ड दिलं.
माझ्यावर: सहा. खाली पेननं, हळबे,
एक अक्षर चुकवून.
आमच्याकडे खांदा द्यायचा. इथं दोरी धरायची.
सहावी दोरी, त्याच्या गुडघ्यांच्या आसपास.
गोंडा भिजून शेवाळासारखा बुळबुळीत.
आठ माणसं, एकही छत्री नाही.
सोडा, हळू, हळू.
तळहातातून तो उतरत गेला
आणि मला आपलं वाटत राहिलं
की वजन आहे ते या ओल्या लोकरीचं.

दर हिवाळ्यात विचारायचा: परत कधी जाणार?
मी म्हणायचो, भिजत घोंगडं आहे रे ते.
अर्थ सांगितला तेव्हा खोकला येईपर्यंत हसला.
"भिजत पडलेलं म्हणजे वाईट?
लोकरीचं आहे ना? मग राहू दे की भिजत."

शेवटी दोरीचं टोक खाली टाकायचं असतं.
माझं सगळ्यात उशिरा पडलं.
आवाज झाला नाही.

रात्री किल्ट न्हाणीघरात टांगला,
इशबेलनं सांगितल्याप्रमाणे, कमरेकडून, दोन चिमट्यांनी.
भोरच्या शाळेत तुका शिपाई
घोंगडीची खोळ पांघरून घंटा द्यायला यायचा,
अगदी तोच वास, मेंढीचा, धुराचा,
फक्त यात डिझेल थोडं.
"वाळला की आण," ती म्हणाली होती.

खाली बादली ठेवली.
टप्. बराच वेळ काही नाही. टप्.
रेडिएटरच्या नळीवर हात ठेवला,
आणि तसाच काढून घेतला.