उसनी अक्षरं

लोतामध्ये कोळसा समुद्राच्या खाली होता.
बाबा रोज समुद्राखाली जायचे आणि संध्याकाळी
वर येऊन खोकायचे. त्यांची भाषा तेवढीच.
आईला मात्र दोन होत्या.
एक स्पॅनिश: उधारीच्या वहीची,
बराकींच्या सामायिक भट्टीपुढे
आज पावाची पाळी कुणाची यावरून भांडायची.
दुसरी रविवारची.

पाद्री अब्दोन मेंडोलिन खाली ठेवत,
तिसऱ्यांदा 'देवाला गौरव' म्हणून झालं की
पत्र्याचं छप्पर थरथरे
आणि आईचा डोक्यावरचा रुमाल घसरे.
मग ती बोलू लागे,
केया मे रंदो, शालाय, केया मे रंदोरे,
जणू कुणी पायऱ्या उतरतंय भराभर
अंधारात, न मोजता,
आणि एकही चुकत नाही.

मी चौदा वर्षांची. माझ्यावर काही उतरेना.
बरोबरची सगळी पोरं एकेक करून पेटली.
तो तोतरा एलिसेओसुद्धा,
एरवी स्वतःचं नाव सांगताना घामाघूम होणारा,
बांध फुटल्यासारखा सुटला.
मी गुडघ्यांवर. गुडघ्यांवर फळ्यांचे वळ.
जीभ तोंडात जड,
पावसात दोरीवर विसरलेल्या चादरीसारखी.
एर्सिलिया मावशी कानाशी पुटपुटे,
"सोड पोरी, धरून ठेवू नकोस."
काय सोडू? हातात काही असेल तर ना.

शेवटी मी चोरी केली.
आईचीच चार अक्षरं, थोडी उलटसुलट करून,
मोठ्या बहिणीचा फ्रॉक उसवून
आपल्या मापाचा करावा, तशी.
केवढा गलका झाला. मावशी रडली.
आईनं फक्त पाहिलं.
पाहिलं, आणि माझ्या कपाळावर हात ठेवला,
पिठाचा वास येणारा.
तिला कळलं होतं का,
हे मी चाळीस वर्षं विचारलं नाही.

मग खाण बंद झाली. बाबा गेले.
मी कॉन्सेप्सिओनला, एका दवाखान्यात हिशेब लिहायला.
तिथे जेवणाआधीच्या दोन ओळींत देव आटोपायचा.

यंदा जूनच्या थंडीत आईच्या मेंदूत शीर फुटली
आणि स्पॅनिश वाहून गेली. सगळी.
पाणी नाही, पाव नाही, माझं नाव नाही.
डॉक्टरीणबाई चित्रं दाखवतात: किल्ली, मांजर, चमचा.
आई चमच्याकडे बघते,
ओळखीची बाई रस्त्यात दिसावी
आणि नाव आठवू नये, तशी.

पण रात्री तीनला
खिडकीखालून मासळीची गाडी गेली की
ती डोळे मिटते, आणि
केया मे रंदो.
त्याच पायऱ्या. तोच वेग.
डॉक्टरीणबाई म्हणतात, जुनी सवय आहे, अर्थ नाही त्याला.
अब्दोनचा मुलगा, आता तोच पाद्री, म्हणतो,
आत्म्याला पक्षाघात होत नाही.
दोघंही दिवसा येतात.

काल तिला दुखत होतं. कुठे, ते सांगता येईना.
भिंतीशी बोलत होती, फार हळू,
आणि मध्येच थांबत होती,
पुढचं कुणीतरी म्हणावं म्हणून थांबतात तसं.
अर्थ लावणारं कुणी नसेल
तर मंडळीत गप्प बसावं, असं आम्हाला शिकवलेलं.
पण ही मंडळी नव्हती.
दोन खाटा, एक बादली, हीटरचा लालसर उजेड.

मी तोंड उघडलं.
चोरलेली चार अक्षरं, इतकी वर्षं
कुठल्या कप्प्यात पडून होती कोण जाणे,
तिची तिला परत केली.
केया, म्हटलं. केया मे रंदोरी.

तिनं मान वळवली.
हसली की ओठच वाकडा आहे,
आता ओळखता येत नाही.
"रंदोरे," ती म्हणाली.
सावकाश, पीठ मळताना शिकवायची तशी.
"रंदोरे."
आणि थांबली,
मी नीट म्हणेपर्यंत.